शुक्रवार कधी लागतो

ठाणे, ता. २६ ऑगस्ट १८९५

तीर्थरूप अक्काच्या पायांवर डोकं ठेवून, आणि पाठीत धपाटा बसायच्या आत ते उचलून, गुरुदत्ताचा नमस्कार.

गणपतीला मी कल्याणला आलो नाही म्हणून तू फुगून बसली असशील, हे मला इथं ठाण्यात बसून दिसतंय. पण कारण ऐकलंस तर राहिलेले मोदक पाठवशील. दोन वर्षं मी इथल्या कोर्टात उमेदवार म्हणून फुकट नकला उतरवतोय. शिरस्तेदार रोज म्हणतात, "होईल, जागा होईल," आणि जागा होते ती त्यांच्या मेव्हण्याची. आता ते पुरे झालं. मला पगाराची नोकरी मिळणार आहे, आणि गंमत म्हणजे ती घड्याळामुळे मिळणार आहे.

त्याचं असं झालं. स्टेशनात एक गृहस्थ गाडी चुकून उभा होता. ठेंगणा, पन्नाशीचा, अंगात विलायती कोट, डोक्यावर वाटोळी टोपी. मी समजलो चिनी, तर तो निघाला जपानी. नाव कुराता. मुंबईत कापूस घेतो आणि बोटीने आपल्या देशात धाडतो. मुंबईच्या वखारी भरल्या म्हणून काही गाठी त्याने आपल्या खाडीकाठच्या एका वखारीत ठेवल्या आहेत, त्या बघायला आला होता. खिशातलं घड्याळ काढून स्टेशनमास्तरला दाखवत होता की माझी वेळ बरोबर आहे. बरोबर होतीच, पण ती मुंबईची. रेल्वे चालते मद्रासच्या वेळेवर, अर्धा तास पुढे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते मी सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि त्याच्या मोडक्या इंग्रजीत त्याला समजलं.

साहेब म्हणाला, मला असाच माणूस हवा आहे. गाठी कधी निघणार, माल नेणारे पडाव बोटीला कधी लागणार, बोट कधी सुटणार, हे त्याच्या माणसांना त्यांच्या भाषेत आणि आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगणारा. "आधी वेळ बोलायला शीक," म्हणाला, "बाकीची भाषा मागून येईल. महिनाभराने परीक्षा घेतो."

तेव्हा शिकतोय. "इमा नानजी देसु का" म्हणजे आता किती वाजले. एक वाजला तर इचिजी, दोन निजी, सानजी, योजी, गोजी, रोकुजी. साहेब शनिवारी येतो, घड्याळाचे काटे हवे तसे फिरवतो आणि समोर धरतो. मला साडे, पावणे, सव्वा म्हणायची सवय, आणि त्यांच्यात यांतलं काहीच नाही. अर्धा तेवढा आहे, त्याचं नाव हान, आणि तो शेपटीला लावायचा: योजी हान म्हणजे साडेचार. पावणेपाच म्हणायचं तर चार वाजून पंचेचाळीस मिनिटं असं पुरं म्हणा, तोवर पाच वाजतात. मी आंघोळ करताना हेच म्हणतो, जेवताना हेच म्हणतो. काकू म्हणते पोराला बाधा झाली. होऊ दे. मला येतंय हे, अक्का.

तुझा गुरुदत्त


कल्याण, भाद्रपद शुद्ध ११, शके १८१७

चिरंजीव गुरुदत्त, आशीर्वाद आहेतच. मी रागावले म्हणून ते काही आटत नाहीत.

मोदक संपले. येणाऱ्यासाठी होते, ते येणाऱ्यांनी खाल्ले.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी मला वाटलं हा नानजी कोणी माणूस आहे. इथं तांदळाच्या बाजारात एक नानजी भाटिया आहे, म्हणून ह्यांना विचारलं, तर हे पोट धरून हसले. वकिलाला हसायला दुसऱ्याचं अज्ञान लागतं, त्यांना काय. आणि प्रत्येक आकड्याला जी जी काय लावता रे? घड्याळ आहे की सासरा? तरी आम्ही सोडलं नाही. प्रमोदिनीची परकराची गाठ बांधता बांधता तिला म्हणायला लावते, आणि ती माझ्याआधी पाठ करते. परवा सासूबाईंनी विचारलं, "रखमा, चार वाजले का गं, चहा टाकायचा?" तर ही सात वर्षांची कार्टी म्हणते, "योजी हान." सासूबाईंना वाटलं शिवी दिली.

नोकरीचं ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा, मी दहाची. तुला भात भरवताना मी तुला हेच सांगायचे की तू मोठा साहेब होशील. पण एक गोष्ट मला कळत नाही, ती तू मला सांग. गाठी ठाण्यात आहेत. पडाव ठाण्याचे. हमाल, गाडीवाले, सगळे आपले. मग ही जपानी वेळ ऐकून घेणारी त्याची माणसं राहतात कुठे? मी तुला ओळखून आहे. अर्धं लपवायचं असलं की तू नेहमीपेक्षा जास्त बोलतोस, आणि या खेपेला फारच बोललास.

उलट टपाली उत्तर हवं.

अक्का


ठाणे, ता. ३ सप्टेंबर १८९५

तीर्थरूप अक्का, नमस्कार. हा नमस्कार जरा लांबून आहे, कारण पुढं वाचल्यावर तुझ्या हाताला काय लागेल सांगता येत नाही.

आधी शिकलो ते सांगतो. त्यांचे वार आपलेच आहेत. रवीचा रविवार, सोमाचा सोमवार, तसेच ओळीने पुढं. आपला शुक्रवार तो त्यांचा किन्योबी, तोही शुक्राचाच. मला तर घरच्यासारखं वाटलं. दुपारच्या आधीच्या वेळेला गोझेन म्हणायचं आणि दुपारनंतरच्या वेळेला गोगो. रात्रीचा एक वाजला तरी तो गोझेन इचिजी, कारण पुढची दुपार यायची आहे.

साहेब तरुण होता तोवर त्यांच्याकडे हे विलायती घड्याळ नव्हतंच. दिवसाचे सहा भाग, रात्रीचे सहा. उन्हाळ्यात दिवसाचे भाग लांबायचे, थंडीत आखडायचे. भरदुपारी नऊ वाजायचे आणि तिथून आकडे उतरत जायचे. मग सरकारने फर्मान काढलं की अमुक दिवसापासून बारा म्हणजे बारा. म्हातारी माणसं पुढं कित्येक वर्षं जेवायला चुकत होती म्हणे. साहेब हे सांगताना हसत होता. म्हणाला, "मीसुद्धा वेळ दुसऱ्यांदा शिकलोय. तू घाबरू नकोस." मी कुठला घाबरतोय.

आता तू विचारलंस ते. त्याची माणसं कोबेला राहतात. कोबे हे जपानातलं बंदर आहे. इथून बोटीत बसायचं, गाठींबरोबर जायचं आणि तिथल्या वखारीत काम करायचं. करार तीन वर्षांचा. मी परीक्षेत उतरलो तर.

मी तुला आधी सांगणार होतो. पण तुझ्याशी समोरासमोर भांडायला मला मॅट्रिकपेक्षा जास्त भीती वाटते. अक्का, मला जायचं आहे. कोर्टात दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला करत म्हातारं व्हायचं नाही मला. तू नाही म्हणशील हे धरूनच चाललोय, पण एकदम म्हणू नकोस, जरा थांबून म्हण.

गुरुदत्त


कल्याण, भाद्रपद वद्य ६

गुरुदत्त,

चार दिवस थांबले. आता म्हणते. नाही.

समुद्र ओलांडला म्हणजे जातीत कोण घेणार, मुलगी कोण देणार, हे तुला काका सांगतीलच. ते मी सांगत नाही. प्रायश्चित्त घेऊन, जेवणावळ घालून चार माणसं परत आली आहेत, मला ठाऊक आहे. कालच तू बाबांचं श्राद्ध केलंस. पुढल्या भाद्रपदात ते कोण करणार, तेही मी विचारत नाही. काका आहेत.

मी माझं सांगते. बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तू. काका-काकू चांगलीच आहेत. पण त्यांच्याकडे जाताना मी पाहुणी म्हणून जाते. पाटावर बसते, वाढतील तेवढं खाते. तू घरात असलास की मी स्वयंपाकघरात शिरून डबे उघडते. एवढाच फरक आहे, पण बायकांचं सगळं आयुष्य त्या फरकावर चालतं. सासरी काही बोलणं झालं की मी मनात म्हणते, ठाणं काही लांब नाही, भाऊ बसलाय तिथं. उद्या कोणी बोललं तर मी काय म्हणू? कोबे काही लांब नाही?

मी तुला जाऊ देणार नाही. हे चोरून नाही करायची, तोंडावर सांगून करते आहे. काकांना लिहिलंय, ह्यांनाही सांगितलंय, हे शिरस्तेदारांशी बोलणार आहेत. आणि तू त्या परीक्षेत नापास व्हावास म्हणून मी देवीला नवस बोलले आहे. नवरात्रात खणा-नारळाने ओटी भरीन म्हणून. राग आला तर येऊ दे.

प्रमोदिनी अजून तुझे आकडे म्हणत हिंडते. मी तिला गप्प बस म्हणत नाही, तिचा काय दोष.

अक्का


ठाणे, ता. १७ सप्टेंबर १८९५, मंगळवार

तीर्थरूप अक्का, साष्टांग.

देवीला सांग, तुझा खण-नारळ वाया जाणार. परीक्षा ठरली, आणि ती मी खिशात घातल्यासारखी आहे.

आपल्या खाडीकाठच्या सगळ्या गाठी या खेपेला बोटीवर चढवायच्या. मुंबईचे पडाव दुसऱ्यांनी अडवून ठेवलेले, तेव्हा साहेबाने ते काम माझ्यावरच टाकलं. मी चेंदणीच्या काळुराम तांडेलाला गाठलं. त्याचे पडाव एरवी मीठ नेतात. कापूस म्हटल्यावर आधी त्याने नाक मुरडलं, मग कबूल झाला. साहेबाने एका दमात, एकदाच, जपानीत सांगितलं. पुन्हा विचारायचं नाही, लिहून घ्यायचं नाही, हीच परीक्षा. "किन्योबी, गोझेन इचिजी," बोटीला पडाव लागले पाहिजेत. भरतीचं पाणी तेवढ्याच वेळचं. मी ताबडतोब म्हटलं, समजलं. आणि काळुरामला मराठीत सांगितलं, शुक्रवारी रात्री एक वाजता मुंबईला बोटीच्या अंगाला. म्हणजे शुक्रवारी दुपारची ओहोटी धरून ठाणं सोडायचं. काळुराम म्हणतो, "पानी काय तुमचा घऱ्याल बगून चरत नाय, पन आमी येतून बराबर."

पडाव चुकले तर बोट थांबणार नाही, साहेबाचा माल राहील आणि माझी कोबेची गोष्ट तिथंच संपेल. पण चुकतात कशाला? गुरुवारी काकांकडे घट बसतील, ते सगळं यथासांग करतो आणि शुक्रवारी पडावावर चढतो. मग शनिवारी तुला जिंकल्याचं पत्र.

तू तोंडावर सांगून लढलीस, म्हणून मीही तोंडावर सांगतोय. आता काय करायचं ते कर.

गुरुदत्त


ठाणे, ता. २३ सप्टेंबर १८९५

अक्का,

आज वरती मायना लिहायला बसलो आणि काय लिहावं सुचेना. तीर्थरूप तर तू आहेसच. पण त्या दिवशी दारात उभी होतीस तशी मी तुला कधी पाहिली नव्हती.

सर्वपित्रीची अमावास्या, दिवेलागणीची वेळ, दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी घट बसायचे, आणि तू मोलकरीण शेवंतीला बरोबर घेऊन टेंभी नाक्यावरच्या काकांच्या दारात. काकू तर घाबरलीच. तिला वाटलं कल्याणला काही बरंवाईट झालं. तू पाणीसुद्धा घेतलं नाहीस. मला म्हणालीस, "प्रमोदिनीचा जन्म कुठल्या वारचा?"

मी म्हटलं, गुरुवारचा.

"कोण म्हणतं?"

"जोशीबुवांनी पत्रिकेत लिहिलंय."

"आणि तुझ्या भावोजींनी आपल्या डायरीत काय लिहिलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोर रात्री दोनला झाली. भावोजींनी घड्याळ बघून शुक्रवार लिहिला. जोशीबुवांनी सूर्य उगवला नाही म्हणून गुरुवार लिहिला. सात वर्षं तुमच्या घरात त्यावरून दोन वाढदिवस होतात आणि मी दोन्हीकडचा शिरा खाल्लाय. तू म्हणालीस, "आपला वार सूर्याबरोबर उठतो. घड्याळाचा वार मध्यरात्रीच बदलतो. तुझा साहेब घड्याळातला शुक्रवार सांगतोय, गाढवा. तो उद्याच रात्री लागतो."

मी रोज कोर्टात तारखा घालतो. मला हे ठाऊक नाही असं थोडंच आहे? पण कागदावर ठाऊक होतं. तोंडाने शुक्रवारी रात्री म्हटलं की मनात शुक्रवारचा दिवस आधी आणि रात्र मागून, हे इतकं पक्कं बसलंय की संशयच आला नाही. वार त्यांचे आपलेच म्हणून मी खूश होतो ना, तिथंच फसलो.

तसाच धावत चेंदणीला गेलो. काळुराम अमावास्येचा पडाव हलवायला तयार नव्हता. मी म्हटलं, हलव उद्या, पण आज गाठी भरून बांधून ठेव. माझी बहीण कल्याणहून मुद्दाम सांगायला आली आहे. तो म्हणाला, "आमुशेला बाय आली सांगाला, मंजे खराच असंल." गुरुवारी दुपारच्या ओहोटीला आम्ही निघालो. बोटीला लागलो तेव्हा साहेब कठड्याशी घड्याळ घेऊन उभा होता. मला बघून त्याने घड्याळ झाकलं आणि खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळं सांगून टाकलं. म्हटलं मी चुकलो होतो, बहिणीने वाचवलं. तो बराच वेळ हसला. म्हणाला, त्याची म्हातारी आई अजून रात्र आदल्याच दिवसात धरते, आणि त्यावरून घरात अजून भांडणं होतात. नोकरी दिली त्याने. बोट दिवाळीनंतर आहे. दसऱ्याला मी हो की नाही ते सांगायचं.

आता माझं ऐक. तू गुरुवारी सकाळच्या गाडीने परत गेलीस, बोलायला सवडच मिळाली नाही. मला हे कोडं सुटत नाही. तूच नवस बोललीस. तुझ्या हातात माझं पत्र होतं आणि त्यात माझी चूक होती. तू नुसती घट बसवत घरी बसली असतीस तरी मी नापास झालो असतो. तू का आलीस? आणि आलीस ती आलीस, तार का केली नाहीस?

तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. हे मी रागाने म्हणत नाही. तू आता जे म्हणशील ते करायचं असं मी ठरवलंय.

गुरुदत्त


कल्याण, आश्विन शुद्ध अष्टमी

चिरंजीव गुरुदत्त,

तार केली नाही, कारण तारेत दहा शब्द, आणि तुला दहा शब्दांत काही पटलंय असं मी आजवर पाहिलेलं नाही. शिवाय तार लिहायला ह्यांना सांगावं लागलं असतं, आणि हे म्हणाले असते, देवीने नवस ऐकला, गप्प बस. घरी सांगितलं की ठाण्याला माहेरच्या देवीचा टाक राहिलाय, नवरात्राआधी आणायला हवा. सासूबाई म्हणाल्या, अमावास्येला? मी म्हटलं, देवीचंच काम आहे. काकूकडून खरोखरच एक टाक मागून आणला, म्हणजे खोटंही झालं नाही. घट वेळेवर बसले. काळजी नको.

आता दुसरं. तुझं पत्र बुधवारी सकाळीच आलं. पानं वाढून झाली, पितरांचं झालं, मग वाचलं. वाचताच मला तुझी चूक दिसली. प्रमोदिनीच्या वाराने मला सात वर्षं छळलंय, मला नाही दिसणार तर कोणाला? आधी मला आनंद झाला. अगदी खरा आनंद, लाज वाटत नाही मला सांगायला. मनात म्हटलं, रखमा, देवीने ऐकलं, तू काही करायला नकोस, फक्त उठू नकोस. पत्र घडी करून पदराखाली ठेवलं आणि भांडी आवरायला घेतली. गाडी सुटायला वेळ होता, तो जाऊ द्यायचा एवढंच काम होतं.

भांडी आवरता आवरता मी पुढचं बघायला लागले. तू ठाण्यात राहिलास. कोर्टात लागलास. तुझं लग्न झालं. मी माहेरी आले, स्वयंपाकघरात शिरले, डबे उघडले. सगळं मला हवं होतं तसं. आणि तू बाहेर ओटीवर नकला उतरवत बसलेला. त्यात एक गोष्ट मला नीट जमेना. मी कितीही वेळा तिथं आले तरी तुझ्याकडे सरळ बघता येईना. तू राहिला नव्हतास, मी ठेवला होता. आणि तुला ते कधीच कळणार नव्हतं. तू जन्मभर समजणार की मीच चुकलो.

तसलं माहेर मला नको. मी शेवंतीला म्हटलं, लुगडं बदल, ठाण्याला जायचंय.

नवस मी फेडणार आहे. देवीला सांगितलं, माझं मागणं मागे घेते, पण खण-नारळ तुझा तुला देते. हे म्हणतात असा करार कुठल्याही कोर्टात टिकणार नाही. टिकायला कशाला हवा, आम्हा दोघींना समजलं.

काकांना मी लिहिते. श्राद्धाचं त्यांच्यावर सोपवते, ते नाही म्हणणार नाहीत. तिथं थंडी असते म्हणतात. गोधडी मी शिवायला घेतली आहे. करार नीट वाच, ह्यांना दाखव, तेवढ्यापुरतं वकिलाचं घेऊ या. आणि तिथून पत्र लिहिशील तेव्हा वार लिहिलास की सोबत तारीखही लिही, म्हणजे मला भांडायला नको.

जा. दसऱ्याच्या दिवशीच साहेबाला हो म्हण, चांगला मुहूर्त आहे. दिवाळीला मात्र अगदी सुरुवातीलाच ये आणि हात सैल ठेवून ये. भाऊबीजेला मी तुला एकदाच ओवाळीन, ओवाळणी तीन वर्षांची घेईन.

तुझी अक्का